बारा अंगणवाड्यांचा हिशोब

सामुदायिक वैद्यकशास्त्रात एमडी करताना पहिल्याच वर्षी प्रबंधाचा आराखडा द्यावा लागतो. त्यातला नमुना आकाराचा रकाना मी दहा मिनिटांत भरला आणि पुढचे चार महिने त्याच रकान्यात अडकून पडलो. प्रश्न साधा होता: तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा द्यायचे 1 मिलीलीटर लोह आणि फॉलिक ॲसिडचे सिरप आईच्या हाती सोपवण्याऐवजी सेविकेने अंगणवाडीतच पाजले, तर रक्तक्षय कमी होतो का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 68.9 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. म्हणून 69 वरून 59 टक्क्यांपर्यंतची घट, 5 टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असे वाटण्याची जोखीम) आणि 80 टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून मी प्रत्येक गटासाठी, म्हणजे सेविका पाजणार तो एक आणि आई पाजणार तो दुसरा, 358 मुले हा आकडा काढला. एका अंगणवाडीत तीसेक मुले सापडतात, तेव्हा गटाला 12 अंगणवाड्या पुरे.

माझ्या गाइड मॅडमनी समासात एकच ओळ लिहून कागद परत केला: ‘गट ठरवायला चिठ्ठ्या मुलांच्या नावाच्या टाकणार की अंगणवाड्यांच्या?’ अर्थात अंगणवाड्यांच्या, कारण एकाच सतरंजीवर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला सिरप पाजायचे आणि दुसऱ्याची बाटली घरी पाठवायची हे कोणत्याही सेविकेला जमणारे नाही. पण या उत्तराचा माझ्या सूत्राशी काय संबंध, ते मला एका पाहणीत कळले. एका अंगणवाडीत सेविकाबाई मुलांना ओळीने उभे करून ड्रॉपरने सिरप पाजत होत्या आणि वहीत खूण करत होत्या. तिथून दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या अंगणवाडीत साऱ्या बाटल्या लोखंडी कपाटात सीलबंद होत्या. त्या दुसऱ्या ठिकाणी एका मुलाला विचारले की बाकीच्यांचे उत्तर जवळपास मिळालेच. एकाच सेविकेच्या हाताखालची, एकाच गावचे पाणी पिणारी मुले एकमेकांसारखी असतात, त्यामुळे तिसावे मूल पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. मुलांमधल्या एकूण फरकापैकी किती वाटा अंगणवाडी-अंगणवाडीमधल्या फरकाचा आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे आयसीसी (इंट्राक्लस्टर कोरिलेशन कोइफिशंट).

तो 0.05 धरला, तर 30 मुलांच्या समूहासाठी, म्हणजे एका अंगणवाडीसाठी, डिझाइन इफेक्ट (नमुना किती पट मोठा लागेल ते सांगणारा आकडा) 1 + (30 − 1) × 0.05, म्हणजे 2.45 येतो. माझी 360 मुले प्रत्यक्षात 147 मुलांच्या तोलाची ठरत होती आणि पॉवर 80 नव्हे, सुमारे 43 टक्के होती. मी लगेच म्हणालो की प्रत्येक अंगणवाडीतून जास्त मुले घेऊ. मॅडमनी मलाच हिशोब करायला लावला. अंगणवाडीमागे 100 मुले घेतली (तेवढी असतात कुठे?) तरी पॉवर 56 टक्क्यांच्या आसपास, आणि मुलांची संख्या कितीही वाढवली तरी 12 अंगणवाड्यांतून 12 भागिले 0.05, म्हणजे 240 स्वतंत्र मुलांहून जास्त माहिती निघूच शकत नव्हती. त्या मर्यादेलाही पॉवर 63 टक्क्यांवर थांबत होती. अंगणवाड्यांच्या चिठ्ठ्या टाकून विश्लेषण मात्र सुट्या मुलांचे करणे याला संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड यांनी 1978 मध्येच आत्मवंचना म्हटले होते, हे मॅडमनी तेव्हा सांगितले. मला ते जरा लागलेच.

आयसीसीसाठी मी चार अंगणवाड्यांत प्राथमिक चाचणी घेतली. आकडा उणे आला. चार समूहांवरून समूहांमधला फरक ठरवायला निघणे हीच चूक होती. त्या चाचणीतून हिमोग्लोबिनचे प्रमाण विचलन (मुलामुलांमधला चढउतार) तेवढे कामाचे मिळाले: डेसिलिटरमागे 1.4 ग्रॅम. आयसीसी मग आम्ही एकच न धरता 0.02, 0.05 आणि 0.10 असे तीन धरले.

दहा टक्के मुले मधेच गळतील म्हणून समूह 27 चा घेतला आणि अंगणवाड्यांची पटसंख्या सारखी नसते म्हणून तिचा विचलन गुणांक (प्रमाण विचलन भागिले सरासरी) 0.4 धरला. 0.05 आयसीसीला गटामागे 34 अंगणवाड्या आल्या. समूह मोजकेच असल्याने प्रत्येक गटात आणखी एक मिळवायची, म्हणजे दोन्ही गट मिळून 70. आमच्या क्षेत्रात संमती देणाऱ्या अंगणवाड्या होत्या 46.

वाट निघाली ती मोजमाप बदलल्यामुळे. रक्तक्षय ठरवणाऱ्या 11 ग्रॅमच्या रेषेखाली किती मुले, हे मोजण्याऐवजी हिमोग्लोबिनची सरासरी हा मुख्य निष्कर्ष ठेवला. 69 वरून 59 टक्के ही घट 1.4 च्या विचलनात सरासरीच्या जवळपास 0.4 ग्रॅम वाढीइतकीच भरते, त्यामुळे अपेक्षित परिणाम आम्ही सोयीने फुगवला नव्हता. समूह धरण्याआधीची गरज 358 वरून 193 वर आली आणि गटामागे अंगणवाड्या तिन्ही आयसीसींना अनुक्रमे 13, 19 आणि 30 लागत होत्या. एथिक्स कमिटीतल्या एका सदस्यांनी नेमके विचारले, ‘0.10 निघाला तर?’ तर पॉवर कमी पडेल, असे आम्ही आराखड्यातच लिहिले आहे, असे उत्तर मी दिले. शेवटी गटामागे 22, म्हणजे एकूण 44 अंगणवाड्या ठरल्या; 0.06 पर्यंतच्या आयसीसीला त्या पुरतात. उरलेल्या दोन राखीव ठेवल्या, आणि त्यांतली एक चिठ्ठ्या टाकण्याच्या आदल्या आठवड्यातच वापरावी लागली, कारण यादीतल्या एका सेविकाबाईंची बदली झाली.