बंबाच्या जाळीपासून गल्लीच्या हवेपर्यंत : आमची वाटचाल

तांब्याच्या बंबाला डाग देऊन सुटलेले सांधे जोडणे, गळकी तोटी बदलणे, जळून वाकलेली जाळी काढून नवी बसवणे, या कामांवर आमची कार्यशाळा सुरू झाली. आज आम्ही सौर बंब बसवतो, धुराडी करतो आणि गावांना व सोसायट्यांना धुराविषयीचे ठराव लिहायला मदत करतो. एका कामातून दुसरे कसे निघत गेले ते इथे मांडले आहे. मजकूर बहुतेक मापांचा आणि चुकांचा आहे, कारण वाचणाऱ्याला उपयोग त्याचाच होईल.

कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात बंब काय असतो हे सांगावे लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात : अंघोळीचे पाणी तापवायचे साधन, बाहेर तांब्याचे उभे पिंप, मधोमध आरपार गेलेली नळी, नळीच्या बुडाशी जाळी. जळण वरून नळीत टाकायचे, हवा खालून जाळीतून शिरते आणि नळीभोवतीचे पाणी तापते. नरसाळ्यातून गार पाणी ओतले की तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर पडते.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खूप घरांत गॅस आला. भाजी, चहा, दूध गॅसवर गेले; अंघोळीचे पाणी मात्र जळणावरच राहिले. यात बायकांचा हट्ट नाही, साधा हिशेब आहे. चार माणसांना प्रत्येकी २० लिटर म्हणजे ८० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सुमारे ६.७ मेगाज्यूल उष्णता लागते. गॅस गिझर गॅसमधली ८० टक्के उष्णता पाण्याला देतो असे धरले तर रोज १८० ग्रॅम गॅस, म्हणजे १४.२ किलोची टाकी अडीच महिन्यांत फक्त अंघोळीवर संपते. विजेच्या गिझरला रोज दोन युनिट लागतात. जुन्या बंबात उष्णतेचा पाचवा हिस्सा पाण्यात उतरतो असे मानले तरी दोन किलो वाळके लाकूड पुरते, आणि ते बांधावर फुकट मिळते. घरातला गॅस पाहून ‘या घरचा धूर संपला’ असे समजणे म्हणून चुकीचे ठरते. पहाटे साडेपाच ते आठ या वेळात परसदारी तो चालूच असतो.

पहिला प्रश्न होता, बंब इतका धूर का करतो? जळण ओले असते हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे बंबाच्या घडणीतच आहे. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात; ते पुरते जळायला जागा, वेळ आणि सहाशे अंशांच्या वरची उष्णता लागते. बंबात मात्र ज्वाला उठताच नळीच्या गार भिंतीला टेकते. भिंतीपलीकडे पाणी असल्याने ती शंभर अंशांच्या वर जातच नाही. ज्वाला तिथेच विझते आणि न जळलेले वायू काजळी व डांबर होऊन काही नळीला चिकटतात, काही बाहेर पडतात. नळी तोंडापर्यंत भरली की हवाही कोंडते आणि वरून पिवळट, दाट धूर येतो.

आधी आम्ही जळणच सुधारायला लागलो, कारण त्याला खर्च नाही. ताज्या तोडलेल्या बाभळीत जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. अशा एका किलोतले अर्धा किलो पाणी वाफ करायलाच सुमारे १.३ मेगाज्यूल जातात, म्हणजे उरलेल्या कोरड्या लाकडाच्या उष्णतेचा सातवा हिस्सा. त्याहून वाईट म्हणजे आगीची धग उतरते आणि वायू पेटत नाहीत. ओंडके मनगटाएवढ्या जाडीचे फोडावेत, दोन विटांवर आडवे-उभे रचावेत आणि उन्हाळ्याचे दोन-तीन महिने वारा लागू द्यावा. पावसाळ्यात पडवीत ठेवावेत. प्लास्टिकचा कागद जमिनीपर्यंत लपेटला की आत घाम धरतो आणि लाकूड बुरसते. वाळलेले ओळखायचे कसे? टोकांना भेगा पडतात आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजतात. ओल्या दबकन वाजतात. ओलावामापक यंत्र असेल तर त्याच्या टाचण्या नव्याने फोडलेल्या आतल्या बाजूत रोवाव्यात. टोकाला मोजले तर आकडा फसवा, कमी येतो. २० टक्क्यांच्या खालचे लाकूड बंबाला चालते.

पेटवणाबद्दल आम्ही फार आग्रही आहोत. दुधाच्या पिशव्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, चिंध्या हे लवकर पेटते म्हणून वापरतात. कृत्रिम धाग्याच्या चिंध्या आणि रबर यांचा धूर लाकडाच्या धुराहून कितीतरी विषारी. पीव्हीसी पाइपाचे किंवा वायरच्या आवरणाचे तुकडे जाळले तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्येही तयार होतात. ती वाफ तांब्यालाही खाते. डाग दिलेले सांधे पुन्हा पुन्हा सुटतात त्याचे एक कारण हेच. कोकणातल्या ग्राहकांना सांगणे वेगळे असते : काजूची टरफले जाळू नका, त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. नारळाची शेंडी, मक्याची वाळकी बुरकुंडे, तुरीच्या तुराट्या ही उत्तम पेटवणे. ती जळणाच्या खाली न घालता वर ठेवून पेटवावीत. खालून निघणारे वायू मग ज्वालेतूनच वर जातात आणि पहिल्या दहा मिनिटांचा धूर डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो.

जाळीचे काम त्यानंतर सुधारले. १० मिलिमीटरच्या सळ्या, मधे १० ते १२ मिलिमीटरची फट. फट कमी ठेवली की राखेने बुजते, जास्त ठेवली की निखारे खाली पडून वाया जातात. राखेचा कप्पा निम्मा भरला तरी हवा अडते, म्हणून तो रोज रिकामा करायचा. आतली काजळी महिन्यातून एकदा तारेच्या ब्रशने काढायची. बोअरच्या पाण्याचे क्षार आत बसले तर लिटरला ५० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) घालून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी दोनदा धुवायचे. मीठ-ॲसिड (हायड्रोक्लोरिक आम्ल) वापरू नये, सांधे जातात.

खरा फरक पडला तो आगीची जागा बदलल्यावर. बंबाच्या नळीत आग न करता आम्ही खाली वेगळी, उष्णता धरून न ठेवणारी आगीची पेटी करतो. आतून ११ सेंटिमीटर चौरस, ‘एल’ आकाराची, जाळीपासून बंबाच्या बुडापर्यंत २५ ते ३० सेंटिमीटर उंच. तोंडाशी आडवी पट्टी टाकतो : वर लाकूड, खाली हवा. अंगठ्याएवढ्या तीन-चार काटक्या पुरतात आणि त्या जळतील तशा पुढे सरकवायच्या. वायू या उभ्या भागातच जळून घेतात आणि मग तांब्याला भेटतात. मधली नळी चार इंचांहून अरुंद असेल तर हे जमत नाही, धूर तोंडातून उलटा येतो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, जड शहाबादी किंवा भट्टीची वीट लावणे. मजबूत दिसते, पण बंबाची आग अर्धा-पाऊण तासच चालते. तेवढ्या वेळात वीटच तापत राहते आणि पाण्याच्या वाट्याची उष्णता पिते. मातीत भाताचा तूस मिसळून भाजलेली वीट हलकी होते, कारण तूस जळून जागोजागी पोकळ्या राहतात. तीच वापरावी आणि बाहेरच्या डब्यात राख भरावी. दुसरी चूक, आत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा लावणे. धगीने त्याचे जस्त उडते, ती वाफ श्वासाला वाईट, आणि पत्रा लवकर झडतो.

आणि एक कडक सूचना : बंबाचे नरसाळे किंवा वरचे तोंड कधीही बूच मारून बंद करू नये, तोटीच्या जागी कॉक लावला असेल तर मुळीच नाही. वाफेला वाट नसली की बंब फुटतो.

धुराड्याकडे आम्ही नंतर वळलो. चार इंची पाइप, छपराच्या कण्याच्या वर किमान दोन फूट, वाटेत एकच आणि तोही ४५ अंशांचा वाक. टोपीखालची फट पाइपाच्या व्यासाहून कमी नको. आडवा तुकडा टाकला की त्यात डांबर साठते. यामुळे घर निश्चित स्वच्छ होते. डोळे, खोकला, भिंतीची काजळी, सगळ्यात फरक पडतो.

पण धुराडे धूर संपवत नाही, तो घरातून गल्लीत नेते. हे समजायला आम्ही एक गणित मांडले. भारतीय मानक आयएस १३१५२ नुसार, पंखा नसलेल्या सुधारित चुलीतून प्रत्येक उपयोगी (भांड्यात उतरलेल्या) मेगाज्यूलमागे ३५० मिलिग्रॅमपर्यंत धुराचे कण चालतात. आमचा बंब इतका चांगला आहे असे धरले, तरी ६.७ मेगाज्यूलला सुमारे २.३ ग्रॅम कण. १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद गल्लीत १० मीटर उंचीपर्यंतची हवा घेतली तर ती ६,००० घनमीटर. वारा पूर्ण पडलेला असेल तर एका घराचा एका सकाळचा धूर तिथे घनमीटरला ३९० मायक्रोग्रॅम भरतो. पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, आपली राष्ट्रीय मर्यादा २४ तासांच्या सरासरीने ६० आहे. वारा थोडा तरी असतोच, म्हणून प्रत्यक्षात आकडा इतका चढत नाही. पण गल्लीत घर एक नसते. शिवाय हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर चढतच नाही. दिवसाच्या सरासरीत पहाटेचे ते अडीच तास बुडून जातात आणि शाळेला निघालेली मुले नेमकी त्याच वेळी रस्त्यावर असतात.

या गणितानंतर आमचा कल बदलला. सुधारित बंब आम्ही अजून करतो, पण ज्याच्या छपरावर दक्षिणेचे ऊन आहे त्याला आधी सौर बंब सुचवतो. तीन-चार माणसांना १०० लिटर पुरतो. आपल्या १६-१७ अक्षांशावर ऊन घेणाऱ्या काचनळ्यांचा उतार ३० अंशांच्या आसपास ठेवावा; उन्हाळ्यात थोडे कमी तापले तरी चालते, थंडीत मात्र पुरते. गार पाण्याच्या टाकीचे बूड सौर टाकीच्या माथ्याहून फूटभर वर हवे. सौर टाकीची श्वासनळी (हवा ये-जा करायची नळी) गार टाकीच्या पाण्याच्या पातळीहून उंच न्यावी. ती विसरली की टाकी चेपते. न्हाणीपर्यंतचा पाइप लांब असेल तर कढत पाणी येण्याआधी गार पाणी वाया जाते : पाऊण इंची पाइपात १५ मीटरला साडेचार लिटरहून जास्त मावते. लोक वैतागून पुन्हा बंब पेटवतात ते इथेच. पाइप आखूड घ्यावा आणि त्याला फोमचे वेष्टण घालावे. रिकाम्या काचनळ्यांत भर उन्हात पाणी सोडले तर त्या तडकतात. पहिली भरणी सूर्योदयापूर्वी किंवा रात्री करावी.

पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी टाकीत दोन किलोवॉटची कॉइल किंवा गॅस गिझर लागतो. गॅस गिझर न्हाणीच्या बाहेरच बसवतो, ग्राहकाने कितीही सांगितले तरी आत नाही. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्यांचे घमेले झोपायच्या खोलीत ठेवणेही तितकेच जीवघेणे.

नियमांबाबत आमचे मत स्पष्ट आहे : सवलत आधी, बंदी तिच्या मागोमाग, आणि दोन्हींसोबत पर्याय. पुणे महापालिका सौर बंब, गांडूळखत, पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प असेल तर सामान्य करात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सूट देते. ती लोकांना समजते. दुसरीकडे, २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. तरीही पालापाचोळा जळतोच, कारण झाडणाऱ्याला तो ठेवायला जागा दिलेली नसते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सहा महिने दिले. मुदत आणि पर्याय एकत्र आले की निदान बोलणी तरी पुढे सरकतात.

म्हणून ठराव लिहिताना आम्ही ‘धूर करू नये’ एवढ्यावर थांबत नाही. काय जाळायचे नाही याची नावे लिहितो : प्लास्टिक, रबर, चिंध्या, रंगवलेले लाकूड, प्लायवूड. पाचोळ्यासाठी जागा नेमतो : तीन फूट व्यासाचा, तीन फूट उंच तारेच्या जाळीचा गोल, वितीएवढ्या थरावर शेणकाला शिंपडायचा, पंधरा दिवसांनी उलथायचा, तीन-चार महिन्यांत खत. झाडणाऱ्या माणसाला पोती आणि ढकलगाडी कोण देणार, हेही त्यातच लिहितो.

शेवटचे कलम मोजणीचे असते. स्वस्त कणमापक सावलीत, दोन-अडीच मीटर उंचीवर, कोणत्याही धुराड्यापासून आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब टांगायचा. पहाटे पाच ते नऊ दर तासाचा आकडा वहीत घ्यायचा, शेजारी आर्द्रता लिहायची. ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर हे मापक धुक्याचे थेंबही कण म्हणून मोजतात. त्या सकाळचे आकडे वेगळ्या शाईने लिहायचे आणि तुलनेत घ्यायचे नाहीत.