फोन कुणाच्या हातात आहे

रोजनिशीतली काही पानं आहेत. गावाचं आणि लेकरांचं नाव मुद्दाम काढलं आहे. बीड जिल्हा, धारूर तालुका, बालाघाटाच्या डोंगरातलं एक गाव आणि तिथली जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा, एवढं पुरे. मी सहावी ते आठवीला शिकवते.

१७ सप्टेंबर

झेंडावंदन झालं. मुक्तिसंग्राम दिनाला आमच्याकडं गाव न बोलावता शाळेत येतं. १९४८ साली निजामाची राजवट कशी गेली ते स्वतःच्या आठवणीतून सांगणारं गावात आता जवळपास कुणी उरलं नाही, पण लोकांचं येणं मोडलेलं नाही. म्हणून पालकसभा आजच ठेवली. एरवी नोटीस काढून बोलावलं तर दहा-बारा बाया येतात, त्याही पोरांनी हाताला धरून आणलेल्या. आज पन्नासच्या वर पालक होते, त्यात बापही होते.

शिवाय दिवस मोजके राहिलेत. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला निघतं. कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात निपाणीच्या बाजूला. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतात. म्हणजे जे काही मायबापाला समोरासमोर सांगायचं आहे, ते आत्ताच सांगावं लागतं.

आठवीच्या पालकांना एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं सांगितलं. या परीक्षेतून निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षी १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या वर नसावं, ही अट. आमच्या गावात त्या अटीत न बसणारं घर शोधावं लागेल. अडतं ते दाखल्यापाशी. मागच्या वर्षी तीन हुशार लेकरांचे फॉर्म उत्पन्नाच्या दाखल्यावाचून राहिले, कारण आम्ही सांगितलं तेव्हा बाप उसाच्या फडात पोहोचले होते. आज सांगितल्यावर एकजण लगेच उठून म्हणाला, "मग सोमवारीच जातो की तहसीलला." इतकंच होतं ते. महिनाभर आधी सांगायचं.

या वर्षी सभेत कुणाचेही गुण वाचून दाखवले नाहीत. एकेका पालकाला सातवीच्या वर्गात बोलावलं, लेकराची वही समोर ठेवली आणि दार लोटून घेतलं. दोन वाजले. खिचडी गार झाली.

आणि हजेरीपटाच्या मागच्या पानावर एक नवा रकाना आखला आहे. पालकाचा फोन नंबर तर आम्ही दर वर्षी लिहितोच. त्याच्या शेजारी आता लिहिलं आहे, "फोन कुणाचा?" लिहून घेताना हात थांबत होता. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा. दिराचा. फडावर शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, पोराचा. सत्तेचाळीस नंबरांपैकी आईच्या स्वतःच्या हातातला फोन फक्त सहा ठिकाणी.

हा रकाना का आखला ते इथं लिहून ठेवते. मागच्या डिसेंबरात सातवीतला एक मुलगा आठ दिवस शाळेला आला नव्हता. नवव्या दिवशी मंदिरामागं गुटखा खाताना सापडला. मला राग आला होता, आणि भीतीही वाटली होती. मायबाप फडात, घरी थकलेली आजी. नोंदवहीत जो नंबर होता त्यावर मी व्हॉइस मेसेज पाठवला. सगळं सांगितलं, गुटख्याचंही. शेवटी म्हटलं, "तुमचं लक्ष नाही." नंबर मुकादमाचा होता. त्यानं तो मेसेज रात्री चुली पेटलेल्या असताना मोठ्या आवाजात लावला. दहा कोयत्यांची टोळी, म्हणजे दहा जोडपी आणि त्यांची लहान लेकरं. सगळ्यांनी ऐकलं.

बाप तिसऱ्या दिवशी आला. रात्रभर प्रवास करून आला होता, कपड्यांवर पाचटाची कुसळं तशीच. मुलाचा दाखला मागायला नव्हता आला, मुलगा न्यायला आला होता. मला एवढंच म्हणाला, "मॅडम, लेकराला मारलं असतं तरी चाललं असतं. चारचौघांत आमची इज्जत कशाला काढली?" मुलगा एप्रिलात परत आला, परीक्षेला बसला, पास झाला. यंदा आठवीच्या पटावर नाव आहे. जूनपासून अकरा दिवस आलाय. आजच्या सभेला त्याचा बाप आला नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं लिहिली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना कळवायची, असं त्यात आहे. मी कळवलं होतं. कायद्यानं बघितलं तर माझं काम झालं होतं.

दसऱ्यानंतर चौथा दिवस

काल रात्री दोन ट्रॅक्टर भरले. भांडी, पाण्याचे ड्रम, कोंबड्या, बाजा, वरती लेकरं. सातवीतल्या दोन मुली ट्रॉलीत दिसल्या. एकीच्या आईला हाक मारून खाली बोलावलं. हंगामी वसतिगृह सुरू होतंय, दोन वेळचं जेवण तिथं मिळेल, झोपायला आजीकडं, मी रोज बघते, असं सांगितलं. ती म्हणाली, "पोटाचं नाही हो मॅडम. वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर टाकावी?" मी म्हटलं, माझ्या. ती बघत राहिली. मग मुलीची पिशवी ट्रॉलीतनं खाली घेतली. दुसरीची आई नाही उतरली.

२८ नोव्हेंबर

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया. आमच्याकडंही कागदावर तसंच आहे. आज पाचजण होते, बाकीचे फडात. ठराव झाले, सह्या झाल्या.

आवडलेली गोष्ट वेगळीच घडली. सहावीतला एक मुलगा दुसऱ्या तासाला झोपतो. रोज. आम्ही तिघांनीही त्याला उभं केलं, तोंड धुवायला पाठवलं, ओरडलो. काल रात्री आठ वाजता त्याच्या आईला फोन लावला. आता मी सगळे फोन रात्री आठ ते नऊ करते, भाकरी खाऊन झालेल्या असतात आणि पहाटेचा कोयता अजून लांब असतो. तक्रार नाही केली. विचारलं, "वर्गात झोपतोय, तुम्हाला काय वाटतं?" ती लगेच म्हणाली, "आजोबाचा दमा उठला असंल थंडीनं. रातच्याला तेच पाणी तापवून देत असंल त्याला." आज मुलाला बाजूला घेऊन विचारलं. खरं होतं. दोन-दोनदा उठतो, चूल पेटवतो.

तीनशे किलोमीटरवर बसलेल्या बाईला ते ठाऊक होतं आणि रोज समोर बघणाऱ्या आम्हाला नव्हतं. आशाताईंना सांगून आजोबांना आरोग्य केंद्रात न्यायचं ठरलं आहे. मुलाला दुसऱ्या तासाला मागच्या बाकावर पंधरा मिनिटं झोपू देतो.

चौथी-पाचवीपर्यंत लेकरू दप्तर टाकायच्या आधी शाळेतलं सगळं घरात ओतून मोकळं होतं. सहावी-सातवीत ते आवरतं घ्यायला लागतं. घरच्यांना वाटतं शाळेला माहीत असेल, शाळेला वाटतं घरी माहीत असेल, आणि लेकरू दोन्हींच्या मधल्या बोळातनं निघून जातं.

११ जानेवारी

मधल्या सुट्टीत सातवीतली ती उठलीच नाही. ट्रॅक्टरमधून उतरवून घेतलेली तीच. मैत्रिणीनं येऊन कानात सांगितलं. पोरी रिकाम्या वर्गात उभ्या राहिल्या, मी माझी शाल तिच्या कमरेला गुंडाळून तिला खोलीत नेलं. पॅड कसं लावायचं ते दाखवलं, गरम पाणी दिलं. पाळी म्हणजे काय ते ऑगस्टमध्येच मुलींना सांगितलेलं होतं, त्यामुळं ती घाबरली नव्हती. तिचा प्रश्न एकच होता, "मायला सांगाल का?"

रकान्यात बघितलं. फोन कुणाचा? दिराचा.

दिराला म्हटलं, हजेरीचं विचारायचंय, वहिनींना द्या. ती मोळ्या वाहत होती. "रातच्याला करते," म्हणाली. नऊला फोन आला, दुसऱ्याच नंबरवरनं. पहिलं वाक्य, "लेकरू बरं हाय ना?" मी विचारलं, "एकट्या आहात का?" "हाव. कोपीच्या मागं आलेय." मग सांगितलं.

बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "अजून कुणाला सांगितलं?"

कुणालाच नाही म्हटल्यावर ती मोकळी बोलली. सासूला इतक्यात सांगू नका म्हणाली. सासूला कळलं की ती सोयरिका बघायला लागती. "थोरलीच्या टायमाला असंच झालं. मी फडात होते. मी यायच्या आधी सुपारी फुटली होती. पंधरावं लागलं नव्हतं तिला."

मी तिला कायद्याचं सांगितलं. अठराच्या आत लग्न लावता येत नाही, गावात ग्रामसेवकच त्यासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ ला फोन केला तरी माणसं येतात. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "कायदा हाय मॅडम. पण मी हितं हाय ना."

त्यावर मला काही बोलता आलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. परवा आणि काल रात्री ती मुलगी आमच्या घरी येऊन माझ्या फोनवर आईशी बोलली, मी अंगणात उभी राहिले. आतून एकदा हसण्याचा आवाज आला.

आज आजी स्वतः शाळेत आली, काठी टेकत. मी धास्तावले. तिनं आधी तिळगूळ दिला. मग म्हणाली, "सुनंनं फोन केला होता. मला म्हणती, पोरीला शाळा सोडायला लावली किंवा कुणाच्या पुढं पोहे घेऊन बसवली तर मी आहे तशी निघून येईन, उचल कोण फेडायची ते तुमी माय-लेक बघा." उचल म्हणजे मुकादमाकडनं आगाऊ घेतलेले पैसे. हे सांगताना आजीचा आवाज रागाचा होता आणि कुठंतरी कौतुकाचाही होता. "चार लेकरं झाली, कधी तोंड वर करून बोलली नाही."

मी काही केलं नव्हतं. फक्त मायीला वेळेत कळलं आणि एकटीला कळलं. बाकीचं तिनं केलं, कोपीच्या मागं उभं राहून.

आजीनं जाताना विचारलं, पोरीला डाळिंब द्यावं का, अंगावर जातंय तर. म्हटलं द्या. आणि हिरवी भाजी, शेंगदाण्याचा लाडू. तिनं मान डोलावली, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

३ फेब्रुवारी

ट्रॉलीतनं न उतरलेल्या त्या दुसऱ्या मुलीच्या आईच्या नावापुढं 'मुकादमाचा' असं आहे. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा "कामाला गेलीय." मुलगी तिथं धाकट्या भावाला सांभाळते, एवढं कळलं. साखरशाळेचं, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी तिकडं असणाऱ्या शाळेचं, विचारलं तर तिथं जवळपास नाही म्हणाले. पुस्तकं पाठवता येतील का बघते आहे. टोळीचं नक्की ठिकाण अजून कुणी सांगत नाही.

२६ मार्च

पट्टा पडला. चार दिवस गावात ट्रॅक्टर येतायत. वसतिगृहात आज निम्मी ताटं कमी लागली, लेकरं घरी जेवली.

ती माय सकाळी प्रार्थनेच्या आधीच आली. हात उसाच्या पानांनी चिरलेले, नवं लुगडं. मुलीच्या वह्या मागितल्या. वाचता येत नाही तिला, पण पान न् पान उलटून बघितलं, लाल शाईच्या जागी बोट ठेवून विचारलं, "हे बरोबर का चूक?" मग आठवीच्या परीक्षेचं काढलं, ती शिष्यवृत्तीची. दाखला जूनलाच काढून ठेवते म्हणाली. मी सप्टेंबरात सांगितलेलं तेव्हा ती मागच्या भिंतीला टेकून बसली होती, आणि मला वाटलं होतं आठवीचं आहे म्हणून तिचं लक्ष नाही.

हे सगळं मी कुठं लिहिलं तर चालेल का, तेही तिला विचारलं. म्हणाली, "नाव नका टाकू. बाकी लिहा, दुसऱ्या मायांना कळंल."

पिशवीतनं साधा बटणांचा फोन काढला. उचलीतनं नाही, शेवटच्या हिशेबातनं घेतलाय. रकान्यातलं 'दिराचा' खोडलं. नंबर दोनदा वाचून घेतला तिनं, मी लिहिलेला बरोबर आहे का ते बघायला माझ्या फोनवरनं एकदा लावायला लावला.

मागच्या वर्षीच्या त्या मुलाची टोळीही काल आली. त्याच्या बापाला मी वर्षभरात एकदाही समोर जाऊन भेटले नाही. फोन करावा असं दोनदा वाटलं, पण फोनवर नको. त्यांचं घर पाण्याच्या टाकीमागं आहे. उद्या शाळेच्या आधी जाते, एकटी.