चाबूक नसलेले प्रतोद

लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, सरकारच्या मुख्य प्रतोदाला (पक्षाच्या सदस्यांना मतदानाला हजर ठेवणाऱ्या ‘व्हिप’ला) परंपरेने कोणते पद मिळते, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले होते: राजाच्या ‘जेंटलमेन ॲट आर्म्स’ या अंगरक्षक दलाचा कॅप्टन. हे दल आठव्या हेन्रीने १५०९ मध्ये उभारले, तर उपमुख्य प्रतोद ज्याचा कॅप्टन होतो ते ‘येमन ऑफ द गार्ड’ त्याहूनही जुने, १४८५ चे आहे. उरलेल्या प्रतोदांपैकी बरेच जण ‘लॉर्ड इन वेटिंग’ किंवा ‘बॅरोनेस इन वेटिंग’ म्हणवले जातात. परदेशी राष्ट्रप्रमुख आले की राजाच्या वतीने त्यांच्या स्वागताला जाणे हेही त्यांचेच काम. कॉमन्स या कनिष्ठ सभागृहातले प्रतोद तिथे सहसा मौन पाळतात, लॉर्ड्समधले प्रतोद मात्र एखाद्या खात्याच्या वतीने प्रश्नांना उत्तरेही देतात.

पदव्या अशा भरजरी, पण हातात चाबूक नाही. आपल्याकडे १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे, म्हणजे पक्षांतरबंदीमुळे, व्हिप (पक्षादेश) मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. लॉर्डाला मात्र ना मतदारसंघ, ना तिकीट कापले जाण्याची भीती, त्यामुळे प्रतोदाची सारी भिस्त ओळखीपाळखीवर, आर्जवावर आणि कोण कधी लंडनात असतो याच्या माहितीवर.

या कलेत दुसरे बॅरन डेनहॅम मुरलेले होते. १९६१ पासून प्रतोदगिरी करणारे हे उमराव १९७९ ते १९९१ अशी बारा वर्षे मुख्य प्रतोद होते. मे १९८८ मध्ये पंतप्रधान थॅचरबाईंच्या डोईपट्टीवर, म्हणजे दर प्रौढ माणशी सारख्याच आकाराच्या पोल टॅक्सवर, कसोटीची वेळ आली. कर ऐपतीनुसार घ्यावा, अशी दुरुस्ती लॉर्ड चेलवूड या त्यांच्याच पक्षाच्या सदस्याने मांडली होती. तेव्हा एरवी आपल्या जहागिरीतून न हलणारे वंशपरंपरागत सदस्यही वेस्टमिन्स्टरला हजर झाले आणि दुरुस्ती ३१७ विरुद्ध १८३ मतांनी पडली. गढीत राहणाऱ्याने आणि झाडूवाल्याने सारखाच कर भरावा, हे ठरवायला गढीवालेच गोळा व्हावेत, हे मला आजही खटकते; हजेरी जमवणाऱ्याच्या हातोटीला मात्र दाद द्यावीच लागते.

तो कर टिकला नाही. १९९० मध्ये लंडनमध्ये दंगल उसळली आणि १९९३ मध्ये घराच्या किमतीवर बेतलेल्या कौन्सिल टॅक्सने त्याची जागा घेतली. पुढे १९९९ च्या कायद्याने वंशपरंपरागत सदस्यांपैकी ९२ जणांनाच जागा ठेवली, तीही बहुतेकांना सदस्यांमधल्याच निवडणुकीने. आयुष्यभर इतरांची मते मोजलेले डेनहॅम या वेळी स्वतः उमेदवार म्हणून उभे राहिले आणि निवडून आले.