सँडविच त्यांचं, ब्रेड आमचा

बेळगावात चांगलं सँडविच कुठं मिळतं, असं कुणी विचारलं की आमच्या घरात प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं, आणि प्रत्येकजण आपापलं लाडकं गिऱ्हाईक पुढं करतो. आम्ही स्वतः सँडविच विकत नाही. कॅम्पापासून टिळकवाडीपर्यंत आणि शहापूरपासून नेहरूनगरपर्यंत संध्याकाळी ज्या गाड्यांवर टोस्टर तापतात, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे आमच्या भट्टीतला ब्रेड जातो. त्यामुळं या दुकानांची ओळख आम्हाला मागच्या दारानं झाली. कुणाचा माल रात्रीपर्यंत संपतो, कोण कालचा ब्रेड आज खपवतो, कोण बटरच्या नावाखाली काय फासतो, हे ब्रेडवाल्यापासून लपत नाही.

वडिलांच्या काळात आमची बेकरी म्हणजे पाव, खारी, टोस्ट आणि नानकटाई. स्लाइस ब्रेड होता, पण तो आजारी माणसासाठी आणि दुधात बुडवून खायला. पुढं कॉलेज रोडला आणि आरपीडी क्रॉसच्या आसपास पोरांची गर्दी वाढली, तसं सँडविच वाढलं. एक गाडीवाला रोज ब्रेड न्यायचा आणि रोज कुरकुरायचा. एकदा सरळ म्हणाला, "ओ मालक, चवीला झकास आहे की तुमचा ब्रेड, पण टोस्टरात बसत नाही बघा. वरचा घुमट बाहेर राहतोय, त्याचा कोळसा होतोय. मी कापून टाकतोय आणि पैसे तुम्ही घेताय!"

आमचा धंदा बदलला तो या घुमटापायी. उघड्या डब्यात भाजलेला ब्रेड वरून फुगतो. चौकोनी हवा असेल तर डब्याला सरकतं झाकण लागतं. उद्यमबागेत पत्र्याचं काम करणाऱ्याकडून तसे डबे करून घेतले. डबे आले म्हणून ब्रेड चौकोनी झाला, असं मात्र नाही. कणीक थोडी जास्त पडली की आत जागा पुरत नाही, ब्रेड दडपतो आणि दगडासारखा जड होतो. कमी पडली की कोपरे गोल राहतात. डब्याच्या काठाखाली साधारण बोटभर जागा उरली की झाकण सरकवायचं. त्या क्षणाला घड्याळ लागू पडत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे, डिसेंबरच्या पहाटे इथं स्वेटर घालून भट्टी पेटवावी लागते. त्या थंडीत कणीक फुगायला उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते. आमच्याकडचे जुने कारागीर अजून बोटानं दाबून बघतात. खड्डा सावकाश भरला तर ब्रेड तयार, उडी मारून वर आला तर अजून थांबायचं.

2016 मध्ये ब्रेडमधल्या पोटॅशियम ब्रोमेटवर देशभर बंदी आली. कणकेला ताकद यावी म्हणून ते वापरायची बऱ्याच बेकऱ्यांत पद्धत होती. बंदी योग्यच होती. त्यानंतर क जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, आणि जरा चढा, म्हणजे जास्त चिवट, मैदा यावर सगळं बसवावं लागलं. बिस्किटाचा मैदा ब्रेडला चालत नाही, त्यात चिवटपणा कमी असतो. पुढच्या वर्षी 1 जुलैला जीएसटी आला. त्यातली एक गंमत आमच्या हिशेबनिसाला अजून झेपत नाही. ब्रेडवर कर शून्य, तोच ब्रेड कापून, भाजून टोस्ट केला की 5 टक्के.

ब्रेड जमायला लागला तसं आम्ही बाहेरगावची सँडविचं खात हिंडायला लागलो. घरचे म्हणायचे, धंद्याच्या नावाखाली चैन चाललीय. मुंबईत फोर्ट, चर्चगेटकडच्या ऑफिसांच्या गल्ल्यांत दुपारी जेवणाच्या वेळेला उभं राहावं. हात बघावेत, तोंडं नंतर. ब्रेडच्या दोन्ही चकत्यांना कडेपर्यंत बटर, त्यावर हिरवी चटणी, मग उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, प्रत्येक थरावर मसाल्याची चिमूट. बटर कडेपर्यंत लावायचं कारण चव एवढंच नाही. बटरचा थर असला की टोमॅटो-काकडीचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. मध्येच ठिपका लावून भागवणाऱ्याचं सँडविच पाच मिनिटांत ओलं होतं, मग तो ब्रेडला नावं ठेवतो.

आमच्याकडची सँडविचं मुंबईपेक्षा तिखट. चटणीत कोथिंबिरीच्या बरोबरीनं मिरची असतेच. वाटताना बर्फाचे खडे आणि लिंबू घातलं की रंग हिरवा राहतो, नाहीतर मिक्सरच्या उष्णतेनं ती संध्याकाळपर्यंत काळवंडते. थोडं डाळं वाटून घातलं की पाणी सुटत नाही. बटाट्याचंही तसंच. शीतगृहातला बटाटा गोडसर लागतो. त्यामुळं हंगामात जवारी, म्हणजे गावरान, बटाटा आला की चांगले गाडीवाले तोच घेतात, आदल्या रात्री उकडून गार करतात आणि सकाळी चकत्या पाडतात. गरम बटाट्याची चकती सुरीलाच चिकटते.

सगळ्यात जास्त डोकं आम्ही फ्रिजवरून फोडलं. उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवला की टिकतो, असं सगळ्यांना वाटतं. बुरशी उशिरा लागते हे खरं, पण फ्रिजमधल्या गारठ्यात ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, त्यातलं स्टार्च पुन्हा घट्ट बसतं. दुसऱ्या दिवशी तो खडखडीत ब्रेड दाखवून गिऱ्हाईक आमच्याशी भांडायला यायचं. शेवटी आम्ही ब्रेड पोचवणाऱ्या पोरालाच शिकवलं. आजचा ब्रेड उद्या लागणार असेल तर पिशवी बांधून सावलीत ठेवा, जास्त दिवस ठेवायचा असेल तर थेट बर्फाच्या कप्प्यात, मधला कप्पा नाहीच. पावसाळ्यात मात्र कुठलीच युक्ती चालत नाही. जून ते सप्टेंबर बेळगावची हवा एवढी ओली असते की आम्ही ब्रेड थोडा थोडा, दिवसातून दोन खेपांना देतो. भट्टीतून काढलेला ब्रेड पूर्ण निवल्याशिवाय कापत नाही. आत वाफ कोंडली की बुरशीला आवतणच.

सँडविच कुठं चालतं आणि कुठं नाही, याचे आमचे अंदाज बऱ्याचदा चुकले. उद्यमबागेत चालेल असं वाटलं होतं. फाउंड्रीत घाम गाळून आलेल्या माणसाला दोन चकत्यांनी काय होतंय? तिथं वडापाव आणि भजीच. याउलट नेहरूनगरात, केएलई हॉस्पिटलच्या बाजूला रात्री उशिरापर्यंत मागणी. ड्युटी करणारी पोरं-पोरी आणि पेशंटचे नातेवाईक. तिथं पाटी कन्नडमध्ये, मेनू इंग्रजीत आणि भांडण मराठीत. पलीकडून "उळ्ळागड्डी ब्याड्री" अशी ऑर्डर आली की गाडीवाला कांदा बाजूला सारतो आणि हात न थांबवता दुसऱ्याला विचारतो, "वहिनी, तुमच्यात मिरची घालू का?" जैन गिऱ्हाइकांसाठी बटाट्याऐवजी कच्चं केळं उकडून ठेवणारेही बरेच आहेत. सुरी आणि फळी वेगळी ठेवणारे त्यांतले थोडे, पण जे ठेवतात त्यांच्याकडे माणसं गावाच्या दुसऱ्या टोकाहून येतात.

डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, अधिवेशन लागलं की बंदोबस्ताला बाहेरच्या जिल्ह्यांतले पोलीस येतात, तेव्हा हलगा बाजूच्या गाड्यांना ब्रेड पुरवता पुरवत नाही. गणेश विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रभर टोस्टर चालू असतात. त्या रात्री आमची भट्टी विझत नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये याच्या अगदी उलट झालं. गाड्या बंद, कॉलेज बंद. घरोघरी ब्रेड पोचवून महिने काढले. उधारी बुडवणारेही निघाले, जाऊ दे.

आता मूळ प्रश्न. नाव सांगितलं की बाकीची गिऱ्हाइकं रुसतील, म्हणून एवढंच सांगतो. गाडीवर गेलात तर आधी ब्रेड कुठं ठेवलाय ते बघा. उघड्यावर, टोस्टरच्या धगीजवळ ठेवला असेल तर पुढं चला. चटणीचं भांडं मोठं असण्यापेक्षा लहान आणि पुन्हा पुन्हा भरलं जाणारं बरं. टोमॅटो आधीच चिरून त्याचं पाणी ताटलीत साचलं असेल तर तिथं चहा घ्या, सँडविच नको. आणि ग्रिल सँडविचवर चीजचा डोंगर किसणाऱ्यापेक्षा हातातल्या चिमट्याच्या टोस्टरवर, गॅसच्या आचेवर, दोन्ही बाजूंनी फिरवून भाजणाऱ्याकडे आमचा ओढा जास्त. चीजखाली वाईट ब्रेडही खपतो, हे ब्रेडवाल्याच्या तोंडून ऐका.

सध्या सीमेपलीकडे, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीपर्यंत आमची गाडी जाते. निपाणीकडूनही विचारणा आहे, पण पहाटेचा ब्रेड तिथवर वेळेत पोचवायचा तर आणखी एक गाडी हवी, तिचा हिशेब अजून बसत नाही. जिमला जाणारी पोरं गव्हाचा चौकोनी ब्रेड मागतात. त्यातल्या कोंड्यामुळं कणीक ताणत नाही आणि डब्याचे कोपरे भरत नाहीत. मैदा घालून वर गव्हाचा छाप मारणं आम्हाला पटत नाही. कोपरे भरले की ऑर्डर घेऊ, तोवर पोरांनी साधाच खावा.