वेरूळला कॅमेरा घेऊन जाताय? आधी उभं राहायची जागा शोधा

या डिसेंबरात वेरूळला गेलो ते फक्त कंपोझिशनचा, म्हणजे चौकटीतल्या मांडणीचा, सराव करायला. कैलास लेण्याचे फोटो भरपूर पाहिलेत, पण बहुतेकांत ते आहे त्यापेक्षा लहान वाटतं. राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, आठव्या शतकात, एका अखंड कातळातून वरून खाली कोरत आणलेलं हे देऊळ. पण वाइड लेन्सने सगळं एका चौकटीत कोंबलं, की त्याचा भव्यपणाच निघून जातो.

सकाळी उघडताच आत शिरा. लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे तेव्हा कैलासाच्या दर्शनी भागावर थेट ऊन नसतं. अनेकजण म्हणूनच हिरमुसतात, मला मात्र हा मऊ, सारखा प्रकाश कोरीवकामासाठी फार आवडतो. जोत्यावरची हत्तींची रांग याच वेळी टिपा. समोरून न घेता भिंतीलगत तिरकं उभं राहा, म्हणजे एकामागून एक हत्ती नजरेला आत ओढत नेतात. ५० मिमी लेन्स पुरते. मोबाइल असेल तर ०.५एक्स टाळा, कडेचे खांब वाकडे होतात.

मोठेपणा दाखवायचा तर माणूस हवाच. अंगणातल्या ध्वजस्तंभाजवळून कुणीतरी जाईपर्यंत थांबा आणि त्याला चौकटीत अगदी लहान ठेवा. कॅमेरा वर कलवला की देऊळ मागे पडल्यासारखं दिसतं, म्हणून मागे सरका, नाहीतर चढून वरच्या मजल्यावर जा. मागच्या ओवऱ्यांतून दोन खांबांमधली चौकटही सुंदर मिळते. एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा ते) बाहेरच्या उजेडावर धरा. खांब काळे पडले तरी चालतील, किंबहुना पडायलाच हवेत.

दक्षिणेकडचं रावणानुग्रहाचं, म्हणजे रावण कैलास पर्वत हलवतो त्या प्रसंगाचं, शिल्प बरंच अंधारात आहे. फ्लॅश मारू नका. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा, कोपरं अंगाशी घट्ट धरा. अख्खं शिल्प घेण्याचा हट्ट सोडून खाली जोर लावणारा रावण आणि वरचे शिव-पार्वती एवढ्यावरच लक्ष द्या. दोघांमधला ताण हाच तर फोटोचा विषय.

दुपार जैन लेण्यांसाठी ठेवा. ३२ व्या लेण्यात, इंद्रसभेत, वरच्या मजल्यावर छताला कोरलेलं कमळ आहे. बरोबर त्याच्याखाली उभं राहून सरळ वर बघा.

उन्हं कलली की १० वं, विश्वकर्मा लेणं गाठा. दर्शनी गवाक्षातून येणारा प्रकाश स्तूपासमोरच्या बुद्धमूर्तीपर्यंत पोचतो. विषय मध्यात न ठेवता चौकटीच्या एक-तृतीयांशावर ठेवायचा, हा नियम इथे खुशाल विसरा. लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या छताच्या फासळ्या, दोन्हीकडचे खांब, सगळं मध्याकडे धावतं. मूर्तीही मध्यातच हवी. मोबाइलची ग्रिड सुरू करा, कारण बोटभर डावं-उजवं झालं तरी तोल बिघडलेला कळतो. वरचा सज्जा उघडा असेल तर तिथूनही पाहा.

शेवटचा तास पुन्हा कैलासापाशी घालवा, तेव्हा दर्शनी भाग उन्हात येतो. कडेच्या टेकडीवरून वरचं दृश्य घेणार असाल तर अडवलेल्या भागापलीकडे पाऊल टाकू नका, कडा सरळ खाली जातो.

लेणी मंगळवारी बंद असतात. ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधीच विचारून ठेवा. रविवार टाळा. जैन लेणी सुमारे दीड किलोमीटरवर आहेत, म्हणून बॅग हलकी, लेन्स एकच, आणि पाणी मात्र दोन बाटल्या.