मेडिकलजवळ किरायाची रूम आणि अडकलेलं टोकन (माझा अनुभव)

नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजातली (इथे त्याला नुसतं 'मेडिकल' म्हणतात) ॲडमिशन, फी, कागदपत्रं हे सगळं दोन दिवसात झालं, त्यावर लिहीत नाही. पहिलं वर्ष आई सोबत राहणार होती म्हणून हॉस्टेल न घेता किरायाने रूम पाहायची ठरली आणि तिथेच माझे सोळा दिवस गेले.

आम्ही पुसदचे, नागपूर म्हणजे आमच्यासाठी गणेशपेठचा बसस्टँड आणि बर्डी (सीताबर्डी बाजार). म्हणून एक एजंट धरला. तो म्हणाला, "मेडिकलपासून दहा मिनिटं आहे ताई, निवांत एरिया." भर दुपारी दोनला त्याच्या गाडीतून गेलो, रस्ते रिकामे, खरंच पटकन पोचलो. रूम मानेवाडा चौकाच्याही पुढे, रिंग रोडच्या पलीकडे होती हे तेव्हा लक्षातच आलं नाही. "दुसरी पार्टी संध्याकाळी येऊन राहिली काकू" असं म्हटल्यावर आईने तिथेच उभ्या उभ्या तीन हजार टोकन, म्हणजे रूम पक्की करायचे आगाऊ पैसे, फोनवरून पाठवले. पावती नाही, घरमालकाची भेट नाही.

त्याच संध्याकाळी साडेपाचला मी कॉलेजच्या गेटवरून ऑटोने तिकडे जाऊन पाहिलं. तुकडोजी पुतळा चौकातच इतका वेळ गेला की पोचायला चाळीस मिनिटं लागली. रोज सकाळी ॲनाटॉमीच्या डिसेक्शनचा (शवविच्छेदनाचा) तास गाठायचा तर कसं होणार याची धास्ती बसली. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन, आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, रात्री किती वाजता येणार. मी खरं सांगितलं की पुढे वॉर्ड सुरू झाले, इंटर्नशिप आली की नाईट ड्यूटी असणारच. "मग जमणार नाही." आडनावाचा प्रश्न मला आजही टोचतो.

बरं, नाही म्हणाले तर टोकन परत मिळायला पाहिजे ना? एजंट म्हणे पैसे मालकाकडे आहेत, मालक म्हणे मला रुपया मिळाला नाही. मंगळवारी या. मंगळवारी ऑफिसला कुलूप. शुक्रवारी या, साहेब बाहेर आहेत. फोन केला तर "देतो ना ताई, काऊन घाई करता?" माझं लेक्चर बुडवून चार चकरा झाल्या, प्रत्येक वेळी जाऊन येऊन ऑटोचे पैसे वेगळे. पाचव्या वेळी आई डबा घेऊन गेली, अकरा वाजता त्याच्या ऑफिसात बसली आणि पैसे मिळाल्याशिवाय उठणार नाही एवढंच म्हणाली. तिथेच जेवली. रूम पाहायला आलेल्या दोन पोरींना तिने सगळी हकीकत सांगितली तेव्हा साडेतीनला दोन हजार मिळाले. मला आईचा इतका अभिमान वाटला! मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय आणि लेखी पावतीशिवाय टोकन देऊच नका, पाचशेसुद्धा नाही.

शेवटी रूम पायी फिरून मिळाली. हनुमान नगरच्या गल्ल्यांमध्ये किराणा दुकानदारांना विचारत गेलो, एकाने समोरच्याच घराकडे बोट दाखवलं. पहिला मजला, खाली घरमालक आजी-आजोबा, कॉलेज पायी बारा मिनिटं आणि दलाली शून्य. वंजारी नगर, रामबाग, रेशीमबाग पण पाहा. मेट्रोच्या भरवशावर लांब घेऊ नका, ऑरेंज लाईन वर्धा रोडने जाते, मेडिकल चौकात येत नाही. मेयोवाल्यांचं (नागपूरचं दुसरं सरकारी मेडिकल कॉलेज) वेगळं आहे, त्यांना दोसर वैश्य चौक स्टेशन जवळ पडतं, त्यामुळे ॲक्वा लाईनवर कुठेही राहिलं तरी चालतं.

रूम दुपारी पाहू नका हे वर सांगायचं राहिलं. कॉलेज सुटायच्या वेळी एकदा आणि रात्री दहानंतर एकदा तो रस्ता स्वतः चालून पाहा, दिवे आहेत का, मेडिकल स्टोअर, चहाची टपरी उघडी असते का. नाल्याजवळचा तळमजला नको, 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं होतं. आणि करार रजिस्टर करायला मालक टाळाटाळ करत असेल तर सांगा की 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी त्यांचीच आहे. आमच्या घरमालक आजोबांनी स्वतःहून करून दिला.

अजून एक, स्लॅबखालची वरची रूम ऑक्टोबरमध्ये छान वाटते पण मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. खिडकीला कूलर बसेल का आणि त्याला पुरेल एवढं पाणी उन्हाळ्यात येतं का, हे मालकाला नाही, शेजारच्या किरायेदाराला विचारा.

उरलेले हजार अजून आले नाहीत. दर सोमवारी मी एजंटला मेसेज टाकते, आणि टाकत राहणार आहे.