मी प्रत्येक तासाला हजर होतो

एफवायच्या पहिल्या सेमिस्टरला बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली आणि तिच्यात रोल नंबर 42 होता. म्हणजे मी. हजेरी 58 टक्के, हवी 75. गंमत अशी की मी एकही तास बुडवला नव्हता. बुडवून जाणार कुठे? पुण्यात माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं.

भानगड अशी होती. हजेरी नंबरानं व्हायची. "41." "येस सर." "42." माझा आवाज घशातून निघून दातांपर्यंत येईस्तोवर सर 44 वर पोचलेले असायचे. हात वर करायचो, पण तो खांद्याच्या वर जात नसे, आणि मी बसायचो शेवटच्या बाकावर. तास संपल्यावर जाऊन "सर, मी होतो" एवढं सांगायचं, हे तीन शब्द मी रात्री कॉटवर पडून पाठ करायचो. सकाळी सर समोरून आले की मी पाण्याच्या टाकीकडं वळायचो. महिनाभरात मला त्या टाकीच्या नळांची गळती तोंडपाठ झाली.

मी किल्लारीजवळच्या एका गावातला. रात्री लातूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये बसलो, पहाटे पुण्यात उतरलो, आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतली. खोलीत चार कॉट, बाकीचे तिघे एमपीएससीवाले. ते पुस्तकातून मान वर काढत नसत, त्यामुळे आमचं झकास जमलं. अडचण फक्त रविवारी संध्याकाळी, कारण तेव्हा मेस बंद. हॉटेलात एकट्यानं जाऊन टेबल अडवायचं, वेटरला हाक मारायची... छे. पहिले पाच रविवार मी केळी आणि पार्लेजीवर काढले.

कुणी गाव विचारलं की लातूर सांगायचो. पुढचं ठरलेलं. "अरे वा, लातूर पॅटर्न! किती मार्क?" (68 टक्के. पॅटर्नला माझ्यामुळं बट्टा.) नाहीतर 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, त्याची चौकशी. तिसरी गोष्ट भूकंप. ती मात्र मी निघूच देत नसे.

पहिल्याच प्रॅक्टिकलला शेजारच्या 43 नंबरला मी सहज विचारलं, "काय करायलास?" तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. मग मी प्रत्येक वाक्य आधी मनात पुस्तकी मराठीत घडवायला लागलो. घडेपर्यंत विषय बदललेला असायचा.

तरी प्रॅक्टिकलमध्येच जीव रमला. विषय भूशास्त्र. ट्रेमध्ये नंबर घातलेले दगड, जोडीत बसून ओळखायचे. नखानं चरा उठतो का, नाही तर तांब्याच्या नाण्यानं, नाही तर काचेनं. हेमॅटाइट दिसतो काळपट, पण खरखरीत पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ओढला की लालसर तपकिरी रेघ. "हा बघ, हा खोटं बोलतोय," असं मी 43 ला म्हणालो, आणि मग लक्षात आलं की हे वाक्य आधी घडवलं नव्हतं. दोघांच्या मध्ये दगड असला की माणसाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. एवढंच माझं औषध होतं.

सप्टेंबरच्या शेवटी सरांनी किल्लारीचा भूकंप शिकवायला घेतला. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. दख्खनचं पठार तोवर स्थिर समजलं जायचं, नकाशावर आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जवळपास दहा हजार माणसं गेली. मग सर थांबले. "त्या भागातलं कुणी आहे का वर्गात?"

मी वहीतल्या समासाच्या रेघेवर पेन फिरवत राहिलो. 43 ला माझं गाव माहीत होतं. हजेरीला मी अडकलो की अधूनमधून तोच ओरडायचा, "सर, 42 आहे!" त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि गप्प बसला.

त्या रविवारी तोच मला मिसळ खायला घेऊन गेला. वेटरला हाक त्यानंच मारली. तिथं मी सांगितलं. भूकंपाच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. आजोबा आणि आत्या त्याखाली गेले. आजीला दुपारी बाहेर काढलं. वडील तेव्हा बारा वर्षांचे, शेतात आखाड्यावर झोपायला गेले होते म्हणून वाचले. नवं गाव सरळ रेषेत आखलेलं, रस्ते हे रुंद, घरं लांब लांब. आजी अजून कुरकुरते, शेजारणीला हाक मारली तर जात नाही. मिसळ गार झाली. मी इतकं सलग कधी बोललो नव्हतो.

डिफॉल्टरचं प्रकरण शेवटी अगदी साधं मिटलं. 43 माझ्यासोबत मॅडमच्या केबिनपर्यंत आला आणि दारातच थांबला. मी आत जाऊन पुटपुटलो. मॅडमनी अर्ज लिहायला लावला, प्रॅक्टिकलची हजेरी ताडून बघितली आणि म्हणाल्या, पहिल्या बाकावर बस. पहिल्या बाकाचा मला मनापासून तिटकारा आहे, पण तिथून पुटपुटलेलं ऐकू जातं. दुसऱ्या सेमिस्टरला हजेरी 94 टक्के भरली.

मे महिन्यात 43 आमच्या गावी आला. आजीनं त्याला जुन्या गावाकडं नेऊन पडकी जोती दाखवली, आणि परत आल्यावर चहा देताना विचारलं, "आमचं पोरगं तिकडं बोलतंय का रे?"

मी कपात बघत होतो.

"बोलायलंय की, आजी," तो म्हणाला.